ब्रेक नसलेले मशीन

माणसाला एखादा छंद असावा, असे म्हणतात. कुणी टपाल तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी. आम्ही लाकूड कापायची जुनी, बंद पडलेली मशिने दुरुस्त करतो. त्याला चेन सॉ असे नाव आहे. आमच्या श्रीवर्धन भागात नुसते 'कटर' म्हटले तरी कळते. निवृत्तीनंतर आम्ही हे आरंभले तेव्हा वाडीतले लोक हसले. घरातही त्या तेलकट भंगाराला परसाच्या पुढे प्रवेश नव्हता.

या छंदामागे एक आठवण आहे. आमचे वडील करवतकाम करीत. ओंडका उंचावर चढवायचा, एकाने वर उभे राहायचे, एकाने खाली, आणि दिवसभर करवत ओढायची. खालच्या माणसाच्या डोळ्यांत भुसा पडे. वडील बहुधा खालीच असत. रात्री आई त्यांच्या खांद्याला तेल चोळी. त्यांनी आम्हाला शिकवले, आम्ही एस.टी.च्या आगारात मेकॅनिक झालो. करवत आमच्या हाती आली नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. सुपारी, नारळ, आंबा, सगळ्या बागा आडव्या झाल्या. रस्ते मोकळे करायला ही मशिने आली. जो ओंडका कापायला वडिलांचा अर्धा दिवस गेला असता, तो डोळ्यांदेखत काही मिनिटांत दुभंगला. आम्ही तिथेच उभे राहून पाहत होतो.

पुढे अनेकांनी मशिने घेतली आणि वर्षभरात कित्येक बंदही पडली. कारण साधे होते. लुनासारखेच हे टू-स्ट्रोक इंजिन. याला ऑइलची वेगळी सोय नसते. ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. आजच्या बहुतेक मशिनांना लिटरमागे २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल लागते. लोक नुसते पेट्रोल भरत आणि पिस्टन चिकटे. शेजारचे असे एक मशीन आम्ही उघडले, आणि तिथून नाद लागला.

मग या यंत्राची माहिती मिळवून वाचली. जर्मनीच्या आंद्रेआस स्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी-करवत काढली, १९२९ मध्ये पेट्रोलवरची. तरी ती उचलायला दोन माणसे लागत. एका माणसाने चालवायचे त्यांचे पेट्रोल मशीन १९५० मध्ये आले. अमेरिकेत जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने झाडाच्या बुंध्यात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती डावीकडे-उजवीकडे कुरतडत पुढे सरकत होती. त्यावरून त्याने साखळीचे नवे दाते बनवले आणि १९४७ पासून ती साखळी विकली. आजची साखळी त्याच घाटाची आहे. एका कष्टकऱ्याने किड्याकडून घेतलेला हा धडा आम्हाला फार आवडतो.

दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या दारूखान्यात भंगाराच्या ढिगात एक जुने जर्मन मशीन दिसले. वजनावर घेतले. पिस्टन घट्ट बसलेला होता. प्लगच्या भोकातून तेल सोडून आठ दिवस ठेवले, तेव्हा हलला. कार्बोरेटरमधला पातळ पडदा पापडासारखा कडक झाला होता, तो बदलला. पॉइंट घासले, ठिणगी आली. साखळीच्या दात्यांना कानशीने धार लावायचे काम धाकट्या लेकीने केले. प्रत्येक दाता त्याच कोनात, तेवढेच फटके मारून. मशीन सुरू झाले तेव्हा घरातले सगळे परसात जमले.

दहा मिनिटांनी ते गरम होऊन पुन्हा अडकले. क्रँकचे रबरी सील वाळून फाटले होते. तिथून हवा आत जाई, म्हणून पेट्रोल आणि त्यातले ऑइल कमी पडे. रोग तसाच ठेवून आम्ही लक्षणावर औषध केले होते. सील बदलले, रिंग नवी घातली आणि मशीन उत्तम चालू लागले. आमची छाती फुगली.

अशातच वाडीतला एक तरुण आला. म्हणाला, "काका, दोन दिवस मशीन द्या. बागेचं काम मिळालंय, पण भाड्याच्या मशीनलाच निम्मी मजुरी जाते." आम्ही कौतुकाने दिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची आई आली. तिने काही न बोलता मुलाचा शर्ट आमच्यासमोर ठेवला. खांद्यावर तो उभा फाटला होता. पात्याचे टोक मागच्या फांदीला लागले आणि मशीन उसळून त्याच्या अंगावर आले. खांद्याला खरचटण्यावर निभावले. मान चार बोटांवर होती. नव्या मशिनांना हातापुढे एक आडवी मूठ असते. मशीन उसळले की तिने ब्रेक लागून साखळी जागीच थांबते. आमचे मशीन ही सोय येण्याआधीचे. हे आम्हाला माहीत होते. आमच्या कौतुकात ते मागे पडले.

रात्री लेक म्हणाली, "बाबा, ब्रेक नसलेली गाडी तुम्ही आगारातून सोडली असती का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. सकाळी आम्ही त्या माउलीच्या दारी जाऊन चूक कबूल केली. नंतर निसर्गच्या वेळचे एक बंद पडलेले मशीन विकत घेऊन नीट केले, ब्रेक दहा वेळा तपासला आणि ते त्या मुलाला दिले. सोबत हेल्मेट, चष्मा आणि जाड बूट दिले. पात्याच्या टोकाने कापायचे नाही, मशीन खांद्याच्या वर उचलायचे नाही, एकट्याने कामाला जायचे नाही, हे त्याच्याकडून पाठ करून घेतले. आता मजुरी पूर्ण त्याच्या हाती पडते.

जुने मशीन फळीवर आहे, वडिलांच्या करवतीशेजारी. त्याची साखळी आम्ही काढून ठेवली आहे.

वाचकांपैकी कुणाच्या घरी असे मशीन असेल, तर एवढेच सांगणे आहे. धार पाहण्याआधी ब्रेक पाहा. छंद आपला असतो; पण हत्यार ज्याच्या हाती जाते, त्याच्या घरी कुणीतरी वाट पाहत असते.