पेण, पाठ आणि प्लास्टर

पेण म्हटलं की मुंबईकराला दोनच गोष्टी आठवतात. गणपती आणि पापड. अलिबागला जाताना गाडी वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकली की तोंडातून तिसरंही काहीतरी निघतं, पण ते या पानांवर छापण्यासारखं नाही! थोडक्यात काय, पेण हे थांबायचं नाही, ओलांडायचं गाव, असा आपला पक्का समज. या मे महिन्यात मी तिथे मुद्दाम दोन दिवस थांबले. सोबत एक सॅक, एक कॅमेरा आणि पाठीत टायटॅनियमचे दोन रॉड.

दचकू नका. रॉड सहा वर्षांपासून आहेत आणि आमचं आता बरं जमतं.

स्कोलिओसिस हा शब्द ऐकलाय? समोरून किंवा मागून पाहिलं तर पाठीचा कणा सरळ दिसायला हवा. काहींचा तो एका बाजूला वळतो आणि वळता वळता पीळही घेतो. एका खांद्याची पट्टी वर येते, कंबर एका बाजूला सरकते, कुर्त्याचं शिवण कधीच मध्यावर बसत नाही. बहुतेक वेळा हे वयात येताना सुरू होतं आणि का होतं याचं नेमकं उत्तर डॉक्टरांकडेही नसतं. जड दप्तर, वाकडं बसणं, आईचं दुर्लक्ष, यातलं काहीही त्याचं कारण नसतं. वळण पन्नास अंशांच्या पुढे गेलेलं असेल तर उंची वाढायची थांबल्यावरही ते हळूहळू वाढत राहतं, वर्षाला साधारण अंशभर. माझं बाविसाव्या वर्षी अठ्ठावन्न अंश होतं. ऑपरेशन झालं. छातीच्या चौथ्या मणक्यापासून कंबरेच्या तिसऱ्या मणक्यापर्यंत बारा मणके स्क्रू आणि रॉडने बांधले गेले. मान ते कंबर मिळून हलणारे मणके चोवीस. म्हणजे माझा निम्मा कणा आता एकच हाड आहे.

तेव्हापासून घरात एक शब्द राष्ट्रगीतासारखा वाजतो. ‘जपून!’ माझी मावशी पेणची. लहानपणी दर मे महिना तिच्याकडे जायचा. ऑपरेशननंतर मात्र ‘तो गोवा हायवे? त्या खड्ड्यांतून? या पाठीने?’ या तीन प्रश्नांवर पेण बंद झालं. आधी वर्षभरासाठी, मग सवयीने. यंदा मी दिवा-रोहा मेमूत बसले. खड्ड्यांचा मुद्दाच निकालात!

गाडी बुला रही है

पनवेल सुटलं की शहर हळूहळू मागे पडतं. सोमाटणे, रसायनी, मग आपटा. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मध्ये काजोल ज्या फलाटावरून धावली तेच हे स्टेशन. त्यानंतर जिते, हमरापूर आणि पेण. ही लाइन पुढे रोह्याला संपते आणि तिथून कोकण रेल्वे सुरू होते. गाडीत मी दर वीस मिनिटांनी उठून दारापर्यंत जाऊन येत होते. समोरच्या काकूंनी विचारलं, ‘कुणाला शोधतेस का गं?’ बांधलेल्या पाठीला बसून राहण्याचा कंटाळा फार लवकर येतो, हे त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘माझ्या गुडघ्यांचं तसंच आहे,’ आणि त्याही उठून उभ्या राहिल्या.

पेणला उतरून मिनीडोअरने हमरापूर गाठलं. हमरापूर, जोहे ही गावं म्हणजे गणपतीचं बॅकस्टेज. घराच्या पडवीत, अंगणात, माळ्यावर, जिथे जागा मिळेल तिथे पांढऱ्याशुभ्र मूर्ती ओळीने वाळत ठेवलेल्या. अजून रंग नाही, डोळे नाहीत. या ‘कच्च्या मूर्ती’ इथून ठिकठिकाणच्या कारखान्यांत रंगायला जातात. हो, गणपतीच्या वर्कशॉपला इथे ‘कारखाना’च म्हणतात. आपण ऑगस्टमध्ये जागे होतो, यांचा सीझन वर्षभर चालू असतो. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने जातात, त्यामुळे त्यांची गडबड तर उन्हाळ्यातच असते.

काही कारखान्यांत शाडू, बऱ्याच ठिकाणी पीओपी. प्लास्टर पाण्यात कालवायचं, रबरी साच्यात ओतायचं, ताकदीसाठी आत काथ्या घालायचा, घट्ट झालं की साचा सोलून काढायचा. एका दादांनी मला साच्यातून नुकताच काढलेला हात दाखवला. आशीर्वाद देणारा, अजून कोमट. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं ना, म्हणून. बाहेरून सगळं गुळगुळीत, पण मोडलेल्या तुकड्यात आतले काथ्याचे धागे दिसत होते. मी म्हटलं, ‘म्हणजे दादा, याच्याही पाठीत आधार आहे.’ त्यांना वाटलं मी कौतुक करतेय. करतच होते!

एकाच पावडरची दोन कामं

प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेला जिप्सम. पॅरिसच्या मॉन्मार्त्र टेकडीखाली त्याच्या खाणी होत्या, म्हणून हे नाव. आपल्याकडचा बहुतेक जिप्सम राजस्थानातला. तो तापवला की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि उरते पावडर. तिला पुन्हा पाणी दाखवलं की ती परत दगड होते. पेणच्या कारागिरांना आणि हाडांच्या डॉक्टरांना जमलेली जादू एकच.

कारण वाकड्या पाठीचा इतिहासही याच पावडरीने भरलेला आहे. १८७०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लुईस सेअर नावाचे डॉक्टर पेशंटला हनुवटी आणि काखांत पट्टे घालून वर टांगायचे आणि तशा ताणलेल्या अवस्थेत धडाभोवती प्लास्टरचं जाकीट चढवायचे. १८७७ साली त्यांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. जाकीट काढलं की पाठ बरेचदा आपल्या मूळ वळणावर परत! मग १९११मध्ये न्यूयॉर्कच्याच रसेल हिब्ज यांनी मणके एकमेकांना कायमचे जोडायचं ऑपरेशन केलं, आधी टीबीने पोखरलेल्या कण्यांसाठी आणि थोड्याच वर्षांत स्कोलिओसिससाठी. टेक्सासमधल्या पॉल हॅरिंग्टन यांनी १९५०च्या दशकात पाठीत स्टीलचा रॉड बसवायला सुरुवात केली. पण त्यानंतरही पेशंट महिनोनमहिने प्लास्टरमध्येच असायचा.

चेलोवादक यो-यो मा आठवतोय? १९८०मध्ये त्याचं स्कोलिओसिसचं ऑपरेशन झालं आणि नंतर सहा महिने तो धडभर प्लास्टरमध्ये होता. ज्याचं सगळं करिअर खुर्चीत बसून, वाद्याला मिठी मारून वाजवण्यावर उभं, त्याने केवढा मोठा जुगार खेळला असेल! पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे. १९८०च्या दशकात फ्रान्सच्या कोत्रेल आणि द्युबुसे यांनी दोन रॉड आणि अनेक ठिकाणी पकड अशी पद्धत आणली, मग मणक्यांत थेट बसणारे स्क्रू आले आणि प्लास्टरची सक्ती संपली. मी ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चार पावलं चालले होते.

लोकांना वाटतं आम्हाला रॉड उभं धरून ठेवतात. तसं नाही. रॉडचं काम साच्याचं. सहा महिने ते वर्षभर त्यांनी मणके जागेवर धरायचे, तोवर मध्ये भरलेलं हाड जुळून येतं आणि पुढचं आयुष्य भार ते हाडच उचलतं. साचा काढला तरी मूर्ती उभी राहते, आमचा साचा आतच राहतो इतकंच.

फिरवायचं ते मूर्तीला!

पेण शहरातल्या एका कारखान्यात एक ताई सोंडेवर रंगाचा हात फिरवत बसल्या होत्या. सकाळी नऊपासून. मी न राहवून विचारलं, ‘पाठ दुखत नाही?’ त्या हसल्या. ‘दुखते की! आमच्याकडे सगळ्यांचीच दुखते.’ मग त्यांनी मूर्ती ठेवली होती तो गोल पाट बोटाने ढकलला. मूर्ती गर्रकन फिरली आणि तिची दुसरी बाजू समोर आली. ‘नवीन पोरं स्वतः वळून वळून रंगवतात आणि संध्याकाळी कंबर धरतात. मूर्ती फिरवायची, आपण नाही फिरायचं.’

फिजिओथेरपीच्या कित्येक महिन्यांचं सार बाईंनी एका वाक्यात सांगितलं, बॉस!

कारण ऑपरेशननंतर चांगलं जगण्याचा फंडा नेमका हाच आहे. पाठ पूर्वीसारखी करायची नाही, ती होत नाही. पाठीभोवतीच्या गोष्टी फिरवायच्या. मागचं काही बघायचं असेल तर कण्याला पीळ न देता पावलांनी वळायचं. खालचं उचलायचं तर गुडघ्यात बसायचं. वाकायचं ते खुब्यातून. लॅपटॉप मांडीवरून टेबलावर, टेबलावरून डोळ्यांच्या पातळीला. हे सगळं सुरुवातीला आठवून करावं लागतं, वर्षभराने अंगवळणी पडतं आणि तिसऱ्या वर्षी कुणी विचारलं तरच लक्षात येतं.

मग दुखत नाही का? दुखतं की कधीकधी. डेडलाइनच्या रात्री डाव्या खांद्यामागे हमखास. व्रणाशेजारचा तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे. मोठ्या वयात ऑपरेशन झालेल्यांना सावरायला शाळकरी पोरांपेक्षा जास्त वेळ लागतो, गुंतागुंतही जास्त होते. बांधलेल्या भागाच्या वरच्या-खालच्या मोकळ्या मणक्यांवर जास्त ताण येतो, म्हणून ठरल्या वेळी एक्स-रे चुकवायचा नाही. पाय बधिर पडले, ताकद कमी वाटली, लघवीवरचा ताबा सुटला तर ‘बघू उद्या’ करायचं नाही, डॉक्टरांकडे धावायचं. ही काळजी झाली. ‘जपून’ हा निराळा प्रकार आहे. काळजी तुम्हाला ट्रेनचं टाइमटेबल बघायला लावते, ‘जपून’ तुम्हाला घरीच बसवतं.

पोह्याचे पापड आणि एक स्थळ

मावशीच्या अंगणात पापडांचा सीझन जोरात होता. पेणचे पोह्याचे पापड आणि मिरगुंडं म्हणजे इथल्या कितीतरी घरांचा रोजगार. मावशी घरापुरतेच करते, पण घरापुरते म्हणजे पाचशे! मी वाकून नमस्कार करायला गेले तर ती दोन पावलं मागे. ‘राहू दे गं, राहू दे!’ मी एक पाय मागे घेतला, गुडघे दुमडले, खुब्यातून खाली गेले आणि पायांना हात लावून वर आले. मावशी बघतच राहिली. मग म्हणाली, ‘आता परत कर. मघाशी मी आशीर्वाद द्यायला विसरले.’

मला वाटलं होतं ती मला पलंगावर बसवून ठेवेल. तिने सरळ पोळपाट हातात दिला. तो होता डायनिंग टेबलवर, कारण दोन वर्षांपासून मावशीलाही जमिनीवर बसवत नाही. शेजारच्या तिघी टेबलाभोवती उभ्या राहून लाटत होत्या. लाट्या तेलात बुडवून खाण्यातच माझा अर्धा वेळ गेला, हा भाग वेगळा.

लाटता लाटता विषय अर्थातच लग्नावर आला. मागे एका स्थळाकडून आईला निरोप आला होता, ‘मुलीला वाकता येतं का?’ आईने तो मला बरेच दिवस सांगितलाच नव्हता. ऑपरेशन झालेल्या मुलीबद्दल आपल्याकडे असेच प्रश्न येतात. घरकाम जमेल का, मूल होईल का. (बहुतेक जणींना होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना रॉडबद्दल आधी सांगून ठेवायचं, कारण कमरेतून इंजेक्शन देणं कधीकधी अवघड जातं.) मावशीने लाटणं थांबवलं. ‘त्याला विचारायचं होतंस, तुला येतं का वाकता? डिस्कोत नव्हे, केर काढताना!’ डिस्को या शब्दावर हसायला पाच मिनिटं गेली.

चालण्याचं गाव

दुसऱ्या दिवशी पहाटे गागोदे. पेण तालुक्यातलंच गाव, ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे इथे जन्मले. १९५१मध्ये भूदानासाठी ते चालायला लागले तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते आणि पुढची कितीतरी वर्षं ते देशभर चालतच राहिले. माझ्यासारख्यांच्या ऑपरेशननंतर पहिला व्यायाम तोच असतो, चालणं. आधी वॉर्डच्या दारापर्यंत, मग जिन्यापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत. ऊन चढायच्या आत मी गागोद्याच्या रस्त्याने तासभर चालले. आंब्याच्या झाडाखाली थांबले, ते फोटोसाठी. पाठीसाठी नाही.

दुपारच्या गाडीने रोहा. पांडुरंगशास्त्री आठवले यांचं हे जन्मगाव. कुंडलिका नदी गावाला लागून शांतपणे वाहते. हीच नदी वर कोलाडला खळाळते आणि तिथे राफ्टिंग होतं. मुंबईहून आलेलं मित्रमंडळ तिकडेच निघालं होतं. मी गेले नाही. सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या, ‘हो हो, पाठ!’ छे! मला पाण्याची भीती वाटते. पहिल्यापासून. प्रत्येक गोष्टीचं खापर त्या बिचाऱ्या बारा मणक्यांवर कशाला?

जाताय? मग हे लक्षात ठेवा

• दिवा-रोहा मेमूच्या फेऱ्या मोजक्या आहेत, वेळा बघूनच निघा. गाडीने जाणार असाल तर दर तासाला उतरून पाच मिनिटं चाला.

• सॅक दोन्ही खांद्यांवर. एका खांद्यावरची फॅशन इतरांना करू दे.

• कारखान्यात शिरण्याआधी विचारा, ओल्या मूर्तीला हात लावू नका. वाळून रंगलेले गणपती पाहायचे तर जून-जुलैत जा, पापड वाळताना पाहायचे तर एप्रिल-मेमध्ये.

• ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर प्रवास कधी आणि किती, हे तुमचे सर्जनच सांगतील. मावशी नाही, आणि मीही नाही.

• पोह्याचे पापड दोन डझन घ्या. पिशवी जड झाली तर कुणालातरी उचलायला सांगा. पाठीचा एवढा फायदा तर घ्यायलाच हवा!