आकड्याशेजारचं प्रश्नचिन्ह

लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर नवं खातं उघडलं की नावासमोर 1500 हा आकडा येतो आणि त्याला चिकटून एक प्रश्नचिन्ह. हे प्रश्नचिन्ह मला फार आवडतं. तुम्ही कसे खेळता ते आम्हाला अजून नीट कळलेलं नाही, तूर्तास हा अंदाज समजा, एवढंच ते सांगतं. डाव होत जातात, अंदाज पक्का होतो, मग ते निघून जातं. बराच काळ तिकडे फिरकलंच नाही तर परत येतं. मधल्या काळात माणूस खेळ विसरला की सुधारला हे यंत्राला कळायला मार्ग नसतो, आणि ते तसं कबूलही करतं.

या पद्धतीचं मूळ अर्पाद एलो यांच्याकडे जातं. जन्म हंगेरीतला, अमेरिकेत मिल्वॉकीला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः पट्टीचे बुद्धिबळपटू. त्यांची रेटिंगची पद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने 1970 मध्ये स्वीकारली. पाण्यावर वरखाली होणाऱ्या बुचाची जागा वाऱ्यावर झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजावी, तसं हे रेटिंगचं काम आहे, असं एलो सांगत. पुढे मार्क ग्लिकमन या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने त्या झुलण्यालाच गणितात जागा दिली. खेळाडूचं रेटिंग किती, आणि त्या रेटिंगवर कितपत भरवसा ठेवायचा, असं दोन्ही मोजायचं. लिचेसवरचं प्रश्नचिन्ह येतं ते या दुसऱ्या मोजमापातून.

जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बटुमीला महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक झाला. नागपूरची दिव्या देशमुख तिथे पंधराव्या मानांकनावर होती. अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवून तिने विश्वचषक जिंकला आणि त्या विजयाबरोबरच ती ग्रँडमास्टर झाली. तिच्या नावासमोरचा आकडा खोटा नव्हता. आधी झालेल्या डावांचा तो प्रामाणिक हिशेब होता. पुढच्या डावांबद्दल त्याला अंदाजापलीकडे काही बोलता येत नव्हतं, इतकंच.

बुद्धिबळात हे भान निदान गणितात तरी आहे. इतर ऑनलाइन खेळांत आकडा चारचौघांत आला आणि प्रश्नचिन्ह मागेच राहिलं. वर्ल्ड ऑफ टँक्सचं उदाहरण घ्या. पंधरा रणगाडे एका बाजूला, पंधरा दुसऱ्या. खेळाडूंची आकडेवारी सगळ्यांना खुली. त्या आकडेवारीवरून खेळाडूंनीच सूत्रं बसवली, आणि एक्सव्हीएम नावाच्या मॉडने तो हिशेब थेट लढाईच्या पडद्यावर आणला. प्रत्येक नावापुढे रंग: कच्च्या खेळाडूला लाल, मग नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, आणि अगदी वरच्यांना जांभळा. पहिला गोळा सुटायच्या आधीच कोण कसा हे सगळ्यांना दिसायला लागलं. त्यातून जे झालं ते माणसाच्या स्वभावाला धरूनच झालं. शत्रूकडचे तोफखानेवाले जांभळं नाव शोधून त्याच्यावरच मारा करू लागले. लाल नावाच्या खेळाडूला स्वतःच्याच बाजूचे लोक लढाई सुरू व्हायच्या आत शिव्या घालू लागले. आपल्या बाजूला लाल नावं जास्त दिसली की काही जण तिथेच हात टेकत. त्या लाल नावामागे आठवडाभरापूर्वी खेळायला लागलेला एखादा शाळकरी मुलगा असेल, नाहीतर दिवसभराची ड्युटी संपवून अर्धा तास खेळायला बसलेला कुणी कामगार. रंगातून ते कळत नाही.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळातही असंच झालं. तिथे 2008 साली अचिव्हमेंट, म्हणजे ठरावीक कामगिरीबद्दल नावावर जमा होणारे बिल्ले, आल्या. मोठ्या मोहिमेसाठी गट जमवणारे लवकरच विचारू लागले: ही मोहीम तू आधी फत्ते केली आहेस का? अचिव्हमेंट दाखव, मग घेतो. म्हणजे आत येण्याआधी आत जाऊन आल्याचा पुरावा द्यायचा. नवख्याने करायचं काय?

सांगलीच्या माझ्या भाच्याकडे बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या खेळाचे दोन आयडी आहेत. सुट्टीत मी त्याच्याकडे एक डाव मागितला, तेव्हा त्याने फोन लगेच दिला नाही. आधी लॉगआउट, मग दुसरं लॉगिन. ‘मावशी, मेन आयडीवर नको हं, केडी पडेल.’ केडी म्हणजे किती जणांना मारलं आणि किती वेळा मेलो यांचं गुणोत्तर. प्रोफाइल उघडलं की ते कुणालाही दिसतं. मित्रांच्या स्क्वाडमध्ये कुणाला घ्यायचं हे त्यावर ठरतं, आणि वर्गातली पत बरीचशी त्यावरच. नंतर मी त्याच्या शेजारी बसून दोन्ही आयडींवरचा त्याचा खेळ पाहिला. मेन आयडीवर तो नकाशाच्या कडेला उतरायचा, घराघरांतून सामान गोळा करायचा, झोन आवळत आला की गवतात आडवा पडून राहायचा. ओठ आवळलेले, बोलायचं नाही. याला रँक पुश म्हणतात. सेकंड आयडीवर मात्र विमानातून सरळ नकाशावरच्या पोचिंकी गावात उडी, जिथे निम्मं विमान उतरतं. हातात बंदूक नाही, तर एका छपरावर तव्याने मारामारी. दोन मिनिटांत मेला आणि इतका हसला की फोन हातातून पडला. ‘परत!’ म्हणाला.

हे पाहून मला वाईट वाटलं. त्याचं खरं खेळणं दुसऱ्या, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या नावाने चाललं होतं, आणि त्याच्या स्वतःच्या नावाने तो राखण करत होता.

अचिव्हमेंट या गोष्टीशीच माझं भांडण नाही. 2005 मध्ये एक्सबॉक्स 360 बरोबर गेमरस्कोअर आला, पुढे स्टीम आणि प्लेस्टेशनने तीच वाट धरली, आणि त्यातून लोकांना निखळ आनंदही मिळाला. वॉरक्राफ्टमध्येच लीरॉय जेन्किन्सच्या नावाची एक अचिव्हमेंट आहे. साथीदार बारकाईने योजना आखत असताना आरोळी ठोकून एकटाच आत घुसणारा आणि सगळ्या गटाचा जीव घालवणारा तो खेळाडू. त्याचा व्हिडिओ जगभर गाजला. स्टॅनली पॅरेबल या खेळात तर पाच वर्षं खेळ न उघडल्याबद्दल अचिव्हमेंट मिळते. अशा अचिव्हमेंटने कुणाला दारात अडवलं जात नाही, आणि कुणाची पतही ठरत नाही.

काही कंपन्यांना हा फरक उमगला. ओव्हरवॉच या खेळाने 2018 मध्ये खेळाडूंची प्रोफाइलं मुळातच खासगी केली. ज्याला दाखवायचं त्याने ती आपणहून उघडावीत. लीग ऑफ लिजंड्सने 2022 मध्ये रँक्ड सामन्याआधी पात्रं निवडण्याच्या वेळी साथीदारांची नावं झाकली, कारण लोक त्या नावांवरून जुने निकाल काढून, साथीदार कच्चा दिसला की सामन्यातून पळत होते. यावर आक्षेप आला की समोरचा भरवशाचा आहे का हे कळण्याचा आमचा हक्क गेला. ज्याने महिनोन्महिने घाम गाळून रँक कमावली त्याला असं वाटणारच, त्याची तगमग मला समजते. पण बरोबरीचे खेळाडू एकमेकांसमोर आणायला लागणारा आकडा यंत्राकडे असतोच. प्रोफाइल बंद असलं तरी ओव्हरवॉच त्याच आकड्यावरून जोड्या लावतं. तो साथीदाराला कळायची गरज नाही. मी स्वतः लिचेसवर रेटिंग दाखवण्याची सोय बंद ठेवली आहे. मला माझं दिसत नाही, समोरच्याचंही नाही. समोरचा माणूस काय ताकदीचा आहे हे मला दहाव्या-बाराव्या चालीपर्यंत त्याच्या घोड्यांवरून आणि त्याने कुठलं प्यादं अडवलं त्यावरून कळायला लागतं, आणि तोवर मी निर्धास्त खेळते.