किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर

मुलाकडे किंवा मुलीकडे लंडनला जाणाऱ्या मराठी आईवडिलांची बघण्याची यादी ठरलेली असते. टॉवर ब्रिज, राजवाडा, मेणाचे पुतळे आणि वेळ उरलाच तर ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची खरेदी. या यादीत आणखी एका घराची भर घालावी, असे सुचवावेसे वाटते.

नॉर्दर्न लाइनच्या भुयारी गाडीने चॉक फार्म स्टेशनवर उतरायचे. तेथून दहा मिनिटांच्या आत किंग हेन्रीज रोड येतो. जवळच प्रिमरोझ हिलची हिरवी टेकडी आहे. वस्ती शांत आणि आता भलतीच महाग. एकाला एक लागून असलेल्या जुन्या घरांपैकी दहा नंबरच्या भिंतीवर निळी गोल पाटी दिसते. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर १९२१-२२ मध्ये येथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली हे घर विकत घेतले. राहत्या वस्तीत संग्रहालय असावे की नसावे, यावरून तेथील नगरपालिकेशी वाद झाला आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. आत त्यांची छायाचित्रे आहेत, पुस्तके आहेत. सारे नीटनेटके आणि उबदार. १९२१ मधली भाडेकरूची खोली अशी नव्हती, हे मात्र लक्षात ठेवूनच आत जावे.

लंडनला शिकण्याची ही त्यांची दुसरी खेप. बडोद्याच्या महाराजांनी दिलेली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि १९१६ मध्ये लंडनच्या स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेली पुस्तके महायुद्धात बोटीबरोबर समुद्राच्या तळाशी गेली. हाती उरली ती एकच गोष्ट : चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी.

मग मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. १९२० मध्ये ते पुन्हा बोटीवर चढले तेव्हा वय एकोणतीस होते आणि मागे परळच्या चाळीत रमाबाई व मुलगा यशवंत होते. परदेशी शिकणाऱ्याच्या हालांची कथा सांगताना घरी राहिलेल्यांचे हाल आपण दोन ओळींत उरकतो. रमाबाईंनी त्या वर्षांत संसार कसा ओढला असेल, त्याचे संग्रहालय कुठे नाही.

या खेपेला खरा घात केला तो रुपयाने. १९२० च्या आरंभी एका रुपयाला दोन शिलिंगांहून जास्त मिळत. १९२१ मध्ये भाव सव्वा शिलिंगाच्या आसपास उतरला. रुपयांत साठवलेली पुंजी पौंडांत मोजताना आटून गेली. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड कर्जाऊ मागितले. आणि त्याच काळात ते प्रबंध कशावर लिहीत होते? रुपयाच्या प्रश्नावर! पुस्तकातला विषय असा थेट खिशात शिरलेला विद्यार्थी विरळाच.

खर्च कुठे कापायचा? जेवणात. घरमालकिणीकडचा सकाळचा जेमतेम नाश्ता आणि रात्री भूक लागली की पापड, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिले आहे. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसायचे आणि रात्री खोलीवर पुन्हा पुस्तके.

तुमचे पाय साथ देत असतील तर या घरापासून कॅम्डन टाउनमार्गे म्युझियमपर्यंत चालत जा. अंतर चार किलोमीटरच्या आसपास आहे. वाटेत खाण्याची दुकाने इतकी लागतात की पापडाची आठवण टोचत राहते. पुस्तके १९९७ नंतर सेंट पॅनक्रासच्या नव्या इमारतीत हलली, पण घुमटाची गोल खोली म्युझियमच्या मधोमध अजून उभी आहे.

जून १९२१ मध्ये ते एम.एस्सी. झाले, जून १९२२ मध्ये बॅरिस्टर. डी.एस्सी.चा प्रबंध मात्र परीक्षकांनी फेरफारासाठी परत केला. लंडनमध्ये राहायला पैसे नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला आले, इथेच प्रबंध सुधारला, पुन्हा लंडनला पाठवला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये पदवी मिळाली. महिन्याभरात लंडनमध्येच त्याचे पुस्तक निघाले. ते त्यांनी आपल्या शिक्षणासाठी झिजलेल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केले आहे. आई ते लहान असतानाच गेल्या होत्या आणि वडील सुभेदार रामजी १९१३ मध्ये, मुलगा अमेरिकेला निघण्याच्या काही महिने आधी.