शबानाच्या नावाची लांबी

संगणकाला शून्य आणि एक यांखेरीज काही कळत नाही, असे आपण मुलांना शिकवतो. ते खरेच आहे. पण माणसांनी संगणकाशी बोलण्यासाठी ज्या भाषा तयार केल्या त्या शेकडो आहेत, आणि त्यांचे एकमेकींशी सहजासहजी पटत नाही. फोर्ट्रान १९५७ मध्ये आली, पायथन १९९१ मध्ये. नवी भाषा आली म्हणून जुनी मरत नाही, कारण जुन्या भाषेत झालेले काम मरत नाही. आज पायथनमध्ये समीकरणे सोडवणारा विद्यार्थी सायपाय नावाची लायब्ररी वापरतो, तेव्हा आत बसून खरे कष्ट उपसतो तो लॅपॅक हा १९९२ सालचा फोर्ट्रानमधला संग्रह. तरुण भाषा हुकूम सोडते आणि म्हातारी भाषा काम करते. एका भाषेने दुसरीला अशी हाक मारणे ही संगणकाच्या दुनियेतली रोजची गोष्ट आहे, आणि रोजची डोकेदुखीही.

ही डोकेदुखी माझ्यासारख्या शिक्षिकेच्या वाट्याला का आली, ते सांगते. मी सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. घरी दखनी, वर्गात उर्दू, शासनाची परिपत्रके मराठीत आणि संगणकाचे सगळे इंग्रजीत. गल्लीत तेलुगू आणि कन्नडही कानावर पडते. दिवसातून दहा वेळा भाषा बदलणे आम्हाला नवे नाही. पायथन मी हौसेने शिकले. ते कळल्यावर स्नेहसंमेलनाच्या प्रशस्तिपत्रकांचे काम आपोआप माझ्याकडे आले. दोनशेहून अधिक मुले, आणि प्रत्येकाचे नाव उर्दू, मराठी व इंग्रजी अशा तीन लिप्यांत हवे.

पायथनमधून पीडीएफ तयार करणारे एक साधन हाताशी होते. त्याने इंग्रजी नावे झकास छापली. मराठीत फिरदौसची वेलांटी ‘फ’च्या आधी यायची ती नंतर आली. उर्दूचे तर हालच झाले. सगळी अक्षरे सुटी सुटी, आणि तीही डावीकडून उजवीकडे. उर्दू अक्षर एकटे असताना एक रूप घेते, शब्दाच्या सुरुवातीला दुसरे, मध्ये तिसरे आणि शेवटी चौथे. नस्तालीकमध्ये तर शब्द उजवीकडून डावीकडे उतरणीवरून घसरत येतो. कोणत्या जागी कोणते रूप हे ठरवण्याला ‘शेपिंग’ म्हणतात, आणि त्या साधनाला ते येत नव्हते.

ज्याला ते येते त्याचे नाव हार्फबझ. बेहदाद एस्फाहबोद या इराणी प्रोग्रामरने ते घडवले. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड फोन यांच्यात तेच काम करते. म्हणजे आपण फोनवर उर्दू किंवा मराठी वाचतो तेव्हा बहुधा हार्फबझनेच अक्षरे जुळवलेली असतात. नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडे. ‘ओपनटाइप’ या फॉन्टच्या तंत्राचा तो सरळ फारसी तर्जुमा. आमच्या कानाला मात्र ‘बाज’ म्हटले की आधी पतंगबाज आणि दगाबाज आठवतात. कानाला शब्द तोच, अर्थ मात्र वेगळा.

हार्फबझ आतून सी++ मध्ये लिहिलेले आहे आणि त्याचा बाहेरचा दरवाजा सी भाषेचा आहे. त्या दरवाज्यावर टकटक करायला पायथनकडे सीटाइप्स नावाची सोय आहे. २००६ पासून ती पायथनबरोबरच मिळते. दिसायला सोपे आहे: लायब्ररी उघडा, फंक्शनचे नाव घ्या, काम सांगा. खरी गंमत त्यानंतर सुरू होते.

पहिला प्रश्न साधा होता. शबानाचे नाव किती लांब? पायथन अक्षरे मोजते. शीन, बे, अलिफ, नून आणि हे, म्हणजे पाच. सी अक्षरे ओळखतच नाही, ती बाइट मोजते. यूटीएफ-८ या पद्धतीत उर्दूचे एक अक्षर दोन बाइट घेते, म्हणून सीच्या हिशेबाने तेच नाव दहा. मराठीत ‘शबाना’ लिहिले तर श, ब, काना, न, काना असे पुन्हा पाचच घटक. पण देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइटचा, म्हणून पंधरा. इंग्रजीत सात अक्षरे आणि सातच बाइट. एकाच मुलीचे नाव पाचही आहे, सातही, दहाही आणि पंधराही. पायथनचे ‘पाच’ तसेच सीच्या हाती दिले, तर सी पाच बाइट उचलते: शीन, बे आणि अर्धा अलिफ. नाव तिथेच तुटते. यात खोटे कोणीच बोललेले नाही. गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर असून एकक लिहिले नाही तर आपण अर्धा गुण कापतो; इथे पोरीचे अर्धे नाव कापले जाते. नुसती इंग्रजी नावे छापणाऱ्याला ही अडचण कधी भेटतच नाही, कारण इंग्रजीत अक्षर आणि बाइट यांचा हिशेब सारखाच असतो.

दुसरी अडचण परतीच्या उत्तराची. हार्फबझ कामाला सुरुवात करते तेव्हा ‘तुमची वस्तू मेमरीत अमुक ठिकाणी ठेवली आहे’ असा एक पत्ता परत देते. काय परत येणार हे आपण आधी सांगितले नाही, तर सीटाइप्स ते साधा पूर्णांक धरते, आणि तो पूर्णांक ३२ बिटांचा असतो. आजच्या संगणकावर पत्ता ६४ बिटांचा. मग अर्धा पत्ता कापून उरलेल्या अर्ध्यावर पत्र पाठवल्यासारखे होते. कधी पत्ताच इतका लहान असतो की कापूनही शाबूत राहतो, आणि काम होऊन जाते. शाळेच्या जुन्या ३२ बिटांच्या संगणकावर पत्ता आणि पूर्णांक एकाच मापाचे, म्हणून तिथे सगळे सुरळीत चालते. तोच प्रोग्राम घरच्या नव्या लॅपटॉपवर बसल्या जागी मरतो. एरवी पायथन कोणत्या ओळीवर काय बिघडले ते सविस्तर सांगते. इथे ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढे दोन शब्द मिळतात, कधी तेही नाही.

तिसरी अडचण उसनवारीची. पायथनमध्ये एखादी वस्तू कोणी वापरत नाही असे दिसले की ती आपोआप साफ होते. आपण फॉन्टची माहिती हार्फबझला वाचायला दिली आणि पायथनच्या बाजूने कोणी ती धरून ठेवली नाही, तर पायथन ती जागा मोकळी करते. सीच्या बाजूने कोणी अजून वाचते आहे, हे तिला दिसत नाही. ग्रंथालयातून पुस्तक दिले, पण नोंद केली नाही. संध्याकाळी शिपायाने ते रद्दीत घातले, अशातली गत. हार्फबझ यासाठी स्पष्ट विचारते की तुमची प्रत मी स्वतःसाठी उतरवून घेऊ, की तुमचीच वाचू? पण उत्तराची जबाबदारी विचारणाऱ्यावर नाही, देणाऱ्यावर आहे.

शेवटची अडचण मला सर्वांत जास्त खुपली. तक्रार हद्द ओलांडत नाही. सीने काम करता करता पायथनच्या एखाद्या फंक्शनला उलट हाक मारली आणि त्यात चूक झाली, तर सीटाइप्स ती चूक पडद्यावर छापते आणि विसरून जाते. सीला काही कळत नाही. ती मिळेल त्या उत्तरावर पुढचे काम चालू ठेवते.

या सगळ्याचा त्रास असा की दुखते एकीकडे आणि कारण असते दुसरीकडे. दोन्ही भाषा आपापल्या घरात निर्दोष आहेत. बिघाड होतो तो कोणी न बोललेल्या गोष्टींमुळे, ‘हे काय सांगायचे, सगळ्यांनाच माहीत आहे’ असे दोघींनी धरून चालल्यामुळे. त्यात दोन श्रीमंत भाषा भेटतात तेव्हाही बहुतेक वेळा सीच्याच नियमांनी बोलतात. पायथनला रस्ट नावाच्या नव्या भाषेशी बोलायचे असले तरी वाट सीच्या दरवाज्यातून जाते. सी ही या बाजाराची हिंदी आहे. तिच्यात आकडे आणि पत्ते सांगता येतात. बाकी सगळे दाराबाहेर काढून ठेवावे लागते.

ही बाजारहिंदी मी शाळेतही पाहिली आहे. एकदा तपासणीला आलेले साहेब मराठी बोलणारे होते. एका मुलाची अम्मी कार्यालयात आली होती. मुलाचे वडील दोन महिन्यांपूर्वी सौदीला गेले होते. ती म्हणाली, “साब, इसका जी नहीं लगता.” साहेबांनी मान डोलावली आणि लिहिले, ‘अभ्यासात लक्ष नाही.’ दोघेही हिंदी बोलत होते आणि दोघांनाही समजल्यासारखे वाटत होते. मी मध्ये पडून मराठीत सांगितले, “सर, बाई म्हणतात त्याला करमत नाही. वडील परदेशी गेलेत.” साहेबांनी शेरा खोडला आणि मुलाला जवळ बोलावले. मराठीत ‘करमत नाही’ हा इतका नेमका शब्द आहे, पण तो आणि ‘जी नहीं लगता’ यांची भेट घडवायला दोन्ही घरांत राहिलेले कोणीतरी लागते.

संगणकावरही उपाय तोच निघाला. प्रत्येक फंक्शनच्या आधी दोन ओळी लिहायच्या: मी काय पाठवते आहे आणि मला काय परत हवे. लांबी कोणत्या मापात, तेही. कंटाळवाणे काम आहे, पण ते करणे हाक मारणाऱ्याकडेच असते, कारण दोन्ही बाजूंची तोंडओळख फक्त त्यालाच असते. हे सगळे आधीच लिहून ठेवलेला एक तयार पूलही मिळतो, यूहार्फबझ नावाचा. शेवटी पत्रके मी त्याच्यावरूनच पार केली. गूगलने २०१४ मध्ये मोफत दिलेला नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट घेतला, आणि शबानाचे नाव उजवीकडून उतरत नीट कागदावर आले. पण पुलाखाली काय वाहते ते पाहिलेले असल्याने, तो बांधणाऱ्या अनोळखी लोकांबद्दल मनात कदर आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही लायब्ररीला करता येत नाही. उर्दूतले नाव मराठीत आणि इंग्रजीत कसे लिहायचे, हे प्रोग्राम सांगू शकत नाही. एकाच घरातला एक भाऊ कागदोपत्री ‘शेख’ असतो, दुसरा ‘शैख’. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरे, जनरल रजिस्टरात तिसरे. दहावीनंतर हीच तफावत मुलांना कार्यालयांच्या पायऱ्या झिजवायला लावते. म्हणून मी तीन रकान्यांचा कागद प्रत्येक घरी पाठवला. नाव तिन्ही लिप्यांत लिहा आणि खाली सही करा. ज्यांना एकच लिपी येत होती त्यांनी शेजाऱ्याकडून, मुलीकडून, दुकानदाराकडून बाकीचे दोन रकाने भरून आणले. काही घरांत त्या दिवशी पहिल्यांदाच तिन्ही नावे शेजारी शेजारी पाहिली गेली. सातवीतल्या एका मुलाने विचारले, “टीचर, इनमें से असली कौनसा है?” मी म्हटले, “तीनों. बस, तीनों एक ही लड़के तक पहुँचने चाहिए.”

मराठीत लिहिणाऱ्या आणि घरी दुसरी जबान बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना हद्दीवर राहण्याचा कंटाळा येतो. दोन्हीकडून आपल्यालाच समजावून सांगावे लागते. पण हार्फबझसारखे काम अक्षरांची जोडणी लहानपणी तख्तीवर गिरवलेल्या माणसालाच लवकर सुचते. आपल्या मुलामुलींपैकी जे संगणक शिकत आहेत त्यांनी या कामाकडे पाहावे, असे मला वाटते. मराठी आणि उर्दू नावांची जुळणी, जुन्या उर्दू पुस्तकांचे युनिकोडमध्ये रूपांतर, शाळांच्या नोंदी अशी कितीतरी कामे पडून आहेत. त्यांना दोन्ही बाजूंचे न बोललेले ठाऊक असलेली आणि ते लिहून ठेवण्याची चिकाटी असलेली माणसे हवी आहेत.

यंदाची पत्रके तयार आहेत. तीन रकान्यांचे कागद मी फाइल करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवले आहेत. पुढच्या वर्षी हे काम ज्याच्याकडे जाईल, त्याला ते लागतील.