गोठ्यातली नाचणी

डिसेंबर लागला की आमच्या शाळेच्या खिडक्यांत श्रीखंडाचे रिकामे डबे येऊन बसतात. शेजारी खोताच्या वाडीत लाकडी व्हरांड्यांना कागदी चांदण्या लागतात, कुलकुल तळल्याचा वास गल्लीतून फिरत असतो, आणि मी तिसरीच्या वर्गात भिजवलेली नाचणी वाटते. नाताळच्या गोठ्यात बाळ येशूभोवती कुरण हवं. ते विकत आणायचं नाही, पेरायचं, ही गोव्याकडची रीत इथल्या घरांनी जपली आहे. वर्गात निम्मी मुलं गणपती बसवणाऱ्या घरांतली. पेरताना सगळ्यांचीच नखं काळी होतात.

माती ओली आहे की नाही हे बघून नीट कळत नाही, बोट टेकवावं लागतं. हे मुलांना सांगावं लागत नाही. थोडी नाचणी आम्ही काचेच्या ग्लासात, ओल्या टिपकागदाला चिकटवून ठेवतो. मग एका सकाळी आरडाओरडा होतो, "टीचर, बुरशी आली!" दाण्यातून निघालेल्या इवल्या मुळाभोवती खरंच पांढरी लव असते. मी भिंग पुढे करते आणि गप्प राहते. हे गप्प राहणं मला फार मोलाचं वाटतं. कुणीतरी डब्यातला जुना पाव आणतं, त्यावरची बुरशी शेजारी ठेवतं. पावावरचे धागे वाटेल तिकडे पसरलेले. इथली लव मात्र फक्त मुळालाच धरून. पाणी शिंपडलं की लव मुळाला चिकटून दिसेनाशी होते, पाणी ओसरलं की पुन्हा उभी राहते. "ही मुळाचीच आहे!" हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं की मगच मी सांगते, याच केसांनी रोप पाणी पितं. ग्लास आडवा करून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी मुळाचं टोक पुन्हा खाली वळलेलं. त्यावर वर्ग अर्धा तास बोलत राहतो आणि गणिताचा तास जातो. जाऊ दे.

फणसवाडीतल्या एका मुलीने विचारलेला प्रश्न मात्र माझ्या मनात घर करून आहे. तिच्या घरी नवरात्रात घट बसतो. दसऱ्याला ते रोप आजी केसांत माळते, आजोबा टोपीत खोवतात. ती म्हणाली, "टीचर, आमचं घटातलं उंच आणि पिवळं असतं. गोठ्यातलं बुटकं आणि हिरवं का?"

एक डबा कपाटात गेला, एक खिडकीत राहिला. उगवायला दाण्याला पाणी, हवा, ऊब पुरते. पोटातल्या शिदोरीवर तो अंधारातही कोंब काढतो. पण हिरवेपणा उजेडाशिवाय येत नाही. अंधारातला कोंब सगळी ताकद उंच होण्यात घालतो, कुठेतरी उजेड सापडेल म्हणून. कपाटातला डबा बाहेर काढला, तशी ती पिवळी पाती हिरवी व्हायला लागली, आणि मुलगी घरी जाऊन आजीला देवघरातल्या अंधाराबद्दल सांगून आली. आजीने मान्य केलं म्हणे.

धोबी तलावाजवळच्या सेंट झेवियर्स कॉलेजात १९०६ पासून वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे, फादर ब्लॅटर यांच्या नावाचा. तिथलेच फादर सान्तापाव पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. झग्यातली ही माणसं सह्याद्रीत हिंडत, पानं खुडत, कागदांत दाबत. प्रार्थना आणि पान हाताळणं यांत त्यांना भांडण दिसलं नसावं. आमच्या मुलांनाही दिसत नाही.

तीन राजांच्या सणानंतर गोठा आवरला जातो. कुरण फेकायचं, हा रिवाज. यंदा मुलांनी ते अडवलं. त्यांना कणीस बघायचं होतं. अंगणात फरशी, माती नाही. शिपाईमामांनी तेलाचा डबा कापून दिला. आता त्याला रविवारी मिस्सा सुटल्यावर वाडीतला एक मुलगा पाणी घालतो, इतर सुट्ट्यांना फणसवाडीची ती मुलगी. मे महिन्यात दोघंही गावाला जाणार आहेत, म्हणून सध्या वर्गात मोठी चर्चा चालू आहे.