कुणाच्याच कामाचं पाणी

चैत्र सरता सरता पाटोदा-आष्टीकडच्या माळावर दुपारी बारानंतर जे हलायला लागतं, लांबवर चकाकतं, आपण चार पावलं पुढं गेलो की चार पावलं मागं सरकतं, ज्याच्यात बाभळी उलट्या उभ्या दिसतात आणि ज्याच्या काठानं एखादं शेळ्यांचं खांड घोट्याएवढ्या पाण्यातून चालल्यागत निघून जातं, तो आम्हा बीडकरांचा पहिला समुद्र. त्याला भरती नाही, ओहोटी नाही, वास नाही. नुसता उजेड आहे.

आणि त्यात भराव टाकायची सोय नाही.

खरं पाणी आमच्याकडं मोजून-मापून असतं. बीडच्या कंकालेश्वराचं जुनं दगडी देऊळ भोवताली पाणी घेऊन उभं आहे, आणि शिवरात्रीला लोक आधी त्या पाण्याकडं बघतात, मग पिंडीकडं. शहराबाहेरची खजाना विहीर निजामशाहीच्या काळातली. तिचं पाणी जमिनीखालून वाट काढत रानांत गेलं, म्हणजे पाण्यालासुद्धा आमच्याकडं उन्हापासून लपून जावं लागलं. बिंदुसरा वर्षातले कितीतरी महिने पुलाखाली नुसती पडलेली असते. 1989 च्या पावसाळ्यात ती एकदा उठली आणि घरं, माणसं घेऊन गेली. पाणी दिसलं की आमच्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा घागर येते. देखणेपण नंतर, सवड मिळाली तर.

माझ्या थोरल्या मावशीनं समुद्र पाहिला तो 6 डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी. 1956 साली दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांची चिता पेटली, तेव्हापासून मराठवाड्यातल्या किती घरांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो त्याच दिवशी, त्याच वाळूत, डोळे आधीच भरलेले असताना. बीड शहरात तेव्हा रेल्वे नव्हती. ती यायला 2025 चा सप्टेंबर उजाडला. कुणी परळीला जाऊन गाडी धरायचं, कुणी एस.टी.नं नगर गाठायचं. रांगेत रात्र काढून, चैत्यभूमीवर माथा टेकवून मावशी खाली वाळूत उतरली, मांडीवर गाठोडं घेऊन बसली आणि बराच वेळ बोललीच नाही. पहाटेचं पाणी शिशाच्या रंगाचं होतं. वाऱ्याला मासळीचा आणि मेणबत्त्यांचा मिळून एक वास होता. लाटा यायच्या, तिच्या पायांपाशी येऊन फुटायच्या, आणि ती प्रत्येक लाटेला पाय थोडे मागं घ्यायची, परक्या बाईनं वाकून नमस्कार केल्यावर अवघडतं माणूस, तशी.

मग म्हणाली, “एवढं पानी, आन् कुनाच्याच कामाचं न्हाई.”

आणि थोड्या वेळानं, गाठ सोडून भाकरी काढता काढता, “खारं हाय म्हनून वाचलं बग. गोड असतं तर आतापतोर टँकर लागले असते.”

मी हसलो होतो. आता तितकं हसू येत नाही, कारण मावशीचं अर्धंच खरं होतं. समुद्राचं पाणी टँकरनं विकता येत नाही हे मुंबईच्या कारभाऱ्यांना तिच्या कितीतरी आधी कळलं होतं. त्यांनी मग पाणी बुजवून त्याची जमीन केली. जमीन विकता येते.

बेटांमधल्या खाड्या बुजल्या ती फार जुनी गोष्ट. माझं मन अडकतं ते बॅकबेपाशी. 1920 च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या विकास खात्यानं तिथं समुद्र हटवायला घेतला. भिंत बांधली, आत गाळ ओतला, आणि समुद्र तो गाळ भिंतीच्या फटींतून हळूच परत नेऊ लागला. खर्च फुगला. लोक त्या साऱ्या खटाटोपाला लॉइडचा खुळेपणा म्हणू लागले. खुर्शेद फ्रामजी नरिमन नावाच्या पारशी वकिलानं त्या खात्याची लक्तरं चव्हाट्यावर मांडली, हार्वे नावाच्या इंजिनिअरनं त्याच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, नरिमन सुटला. आठ तुकडे भरायचे होते, चारच भरले. याच खात्यानं बीडीडी चाळी बांधल्या आणि त्यांच्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागं एक रुपया कर बसवला. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा. पण काळ्या रानातला कापूस सरहद्दी विचारत नाही, आणि एखादी गाठ आमच्याकडचीही त्या वाटेनं गेली असेल, तो रुपया भरला गेला असेल, असं मला उगाचच वाटत राहतं. ज्या समुद्राला आम्ही मृगजळावरून ओळखत होतो, त्याच्या काठच्या हिशेबात आमच्या बोंडांचाही एक आकडा कुठंतरी असेल.

पुढं स्वातंत्र्यानंतर, 1960-70 च्या दशकांत, तिथं पुन्हा भराव पडला, त्यावर उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि समुद्र बुजवण्याच्या कारभाराशी आयुष्याची ऐन वर्षं भांडलेल्या माणसाचं नाव त्याच भरावाला दिलं गेलं.

नरिमन पॉइंट.

इतका गोड सूड मी दुसरा पाहिला नाही. आणि गंमत अशी की ज्या मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर मी स्वतः पाय सोडून बसलो आहे, तोही त्याच खुळेपणाची देणगी. भरावाला शिव्या द्यायला सोयीची जागा म्हणजे भरावच. त्यामुळं या प्रश्नात मला स्वच्छ राग येत नाही. आला की लगेच त्याला खारी हवा लागते.

अलीकडची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. 2018 च्या ऑक्टोबरात पालिकेनं सागरी किनारा रस्त्याचं काम सुरू केलं. 2019 च्या जुलैत उच्च न्यायालयानं परवानगी रद्द केली, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली, आणि डंपर परत आले. या सगळ्या भांडणात मला सगळ्यांत सुंदर वाटते ती वरळी कोळीवाड्याची मागणी. क्लीव्हलँड बंदरातून बोटी समुद्रात जातात त्या वाटेवर पूल येणार, त्याच्या खांबांत 60 मीटरची फट. कोळी म्हणाले, पुरत नाही; खवळलेल्या दिवशी लाट बोटीला उचलून खांबावर घालील. कागदावर 60 मीटर पुष्कळ दिसतात. पाण्यावर नाही. त्यांनी बोटी नेऊन काम अडवलं, चिकाटी सोडली नाही, आणि 2022 च्या अखेरीस ती फट 120 मीटरची झाली. इमारत मागितली नव्हती त्यांनी. नोकरी मागितली नव्हती. दोन खांबांच्या मध्ये थोडं जास्त काहीच-नाही मागितलं होतं.

2024 च्या मार्चपासून रस्ता टप्प्याटप्प्यानं खुला झाला आणि भरावावर सुमारे 70 हेक्टर मोकळी जागा उरली. तिथं घरं-दुकानं उभारायची नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानंच बजावलेलं. तरीही मोकळ्या जागेकडं पाहून कारभाऱ्यांच्या हाताला खाज सुटतेच. काठावरचे रहिवासी सभा घेतात, सह्या गोळा करतात, वाहनतळ नको म्हणतात, जाहिरातींचे फलक नको म्हणतात, झाडं लावा आणि बाकी काही करू नका म्हणतात. बाकी काही करू नका! किती अवघड मागणी आहे ही, खुर्चीत बसलेल्या माणसाकडं करायला. ‘काही केलं नाही’ याची कोनशिला बसवता येत नाही.

मी त्यांच्या बाजूचा आहे. पण त्यांच्या खिडक्यांच्या बाजूचा नाही. किनाऱ्यासाठी भांडणाऱ्या माणसांत काहीजण किनाऱ्यासाठी भांडतात आणि काहीजण खिडकीतून दिसणाऱ्या किनाऱ्यासाठी, आणि दोघांच्या हातातला फलक एकच असतो. चैत्यभूमीजवळच्या शिवाजी पार्कला 2010 मध्ये उच्च न्यायालयानं शांतता क्षेत्र ठरवलं ते रहिवाशांनी मागितलं म्हणून. रोजच्या कर्ण्यांनी कंटाळलेल्या म्हाताऱ्यांना मी तरी दोष देणार नाही. पण त्या निर्णयातून 6 डिसेंबर वगळलेला होता. वगळला नसता तर? माझी मावशी दादरची रहिवासी नव्हती. तिच्या सहीला तिथं किंमत नव्हती. तिच्या नावचा त्या वाळूवरचा हक्क वर्षातून एका रात्रीचा, आणि तो कुठल्याही सातबाऱ्यावर चढलेला नाही.

उलट बाजूनं, म्हणजे समुद्राकडून आमच्याकडं येणंही, असंच चालत आलंय. अंबाजोगाईची योगेश्वरी मूळची कोकणातली म्हणतात. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, वऱ्हाड घाट चढून आलं, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि नवरी इथंच राहिली. मी देवीपुढं हात जोडणाऱ्यांतला नव्हे, पण गोष्ट मला आवडते. समुद्राकाठची पोर, पाण्यावाचून, आमच्या उन्हात, कायमची. अजून कोकणची माणसं कुळाचार घेऊन तिच्याकडं येतात. देवळाच्या पायरीवर, जयंती नदीच्या काठी, दुपारभर टेकतात. तुम्ही इथले रहिवासी का, असं त्यांना अंबाजोगाईत कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

दसरा-दिवाळीला आमच्या गावांतून ट्रॅक्टर भरून माणसं ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत नजर खाली, उसाच्या बुडख्यावर. त्यातलाच कुणी पुढं मुंबईला येतो, पहारेकरी होतो, हमाल होतो, आणि सुटीच्या संध्याकाळी कुणी न सांगता समुद्रावर जातो. काय करतो तिथं? काही नाही. शहराकडं पाठ करून बसतो. साऱ्या मुंबईत शहराकडं पाठ करून बसायला एवढी एकच जागा आहे. समोर भिंत नाही, मुकादम नाही, दर नाही. नजर सुटते ती थेट तिकडं जाते जिथं पाणी आणि आभाळ एकमेकांत विरलेलं असतं, ऊन तिरपं होतं, लाटांच्या पाठीवर तांबूस जर चढते, भेळवाल्याची घंटी, कुणाचं तरी रडकं पोर, ओल्या दगडाचा वास, आणि त्या सगळ्यापलीकडं तोच, अगदी तोच, माळावरचा लांब हलता उजेड.

त्याला गावाला जाऊन आल्यागत होतं.

म्हणून त्या 70 हेक्टरांचा कुठलाही आराखडा येवो, माझी हरकत एका चित्रावर आहे. अशा आराखड्यांबरोबर नेहमी एक रंगीत चित्र असतं. त्यात सायकलवरची मुलगी असते, कुत्र्याला फिरवणारा गृहस्थ असतो, कानात तारा घालून पळणारी माणसं असतात, सगळ्यांचे हात मोकळे, सगळे हसरे. त्या चित्रात मांडीवर गाठोडं घेऊन बसलेली एक बाई काढा. तिच्या जवळ पाण्याचा नळ काढा, गोड्या पाण्याचा. चार पावलांवर संडास काढा, दार लागणारा. फाटकावर तिकिटाची खिडकी असली तर ती खोडा. मग सह्यांचा कागद बीडला पाठवा, आम्हीही करू.