आधी कुठलं टिंब?

वेव्ह फंक्शन कोसळण्याचं नवं मॉडेल कुणी दाखवायला आणलं, की मी लगेच समीकरणांत शिरत नाही. कोऱ्या कागदावर अंतराचा आडवा आणि काळाचा उभा अक्ष काढतो आणि दोन टिंबं देतो, डावं जरा खाली, उजवं जरा वर. ही एका गुंतलेल्या जोडीवरची दोन मोजमापं. प्रकाशही एकाकडून दुसऱ्याकडे वेळेत पोचू नये इतकी ती दूर. पट्टी आडवी धरली तर डावं आधी घडतं. पट्टी तिरकी केली, म्हणजे पळणाऱ्या निरीक्षकाची धरली, की उजवं आधी. सापेक्षतेत दोन्ही बरोबर. मग विचारतो, कोसळलं ते कुठल्या रेघेवर?

नुसती भाकितं करायची तर हा प्रश्न बोचत नाही. संभाव्यता दोन्हीकडे तीच येते. पण गिरार्डी, रिमिनी आणि वेबर यांनी १९८६ मध्ये कोसळणं ही खरोखरची घटना मानली. त्यांच्या हिशेबात एकटा कण तीस कोटींहून जास्त वर्षांत सरासरी एकदा आपसूक एका जागी आवळला जातो. खडूच्या तुकड्यात मात्र कणच इतके, की कुठला ना कुठला सारखा आवळला जात असतो. घटना खरी म्हटली की ती कधी घडली ते सांगणं आलं, आणि त्यांचं घड्याळ न्यूटनचं होतं.

जॉन बेल यांनी १९८७ मध्ये सुचवलं, की वस्तू या कोसळण्याच्या टिंबांचीच बनलेली समजा. २००६ मध्ये रोडेरिश टुमुल्का यांनी तर पट्टीच फेकून दिली. पुढचं टिंब कधी, हे त्याच कणाच्या मागच्या टिंबापासून, कणाच्या स्वतःच्या काळात मोजायचं. सारख्या काळावरच्या जागा जोडल्या की कागदावर हायपरबोला उमटतो, आणि निरीक्षक कसाही पळो, तो हलत नाही. हे हाताने काढून पाहिलं तेव्हा मला चक्क हेवा वाटला.

दोन टिंबांच्या मधे इलेक्ट्रॉन कुठे असतो, हे मात्र विचारायचं नाही. पुष्कळांना ते पचत नाही. माझी त्याला हरकत नाही. मला खुपतं ते वेगळंच. त्या मॉडेलमधले कण एकमेकांवर बलच लावत नव्हते. पुढे टुमुल्का यांनी आंतरक्रिया बसवली, पण वेगवेगळे ओळखू येणाऱ्या कणांसाठी. खरे इलेक्ट्रॉन हुबेहूब सारखे असतात. म्हणून सगळं जमलंय असं कुणी सांगितलं, तर त्याला आधी हेलियमचा अणू मांडायला सांगा. त्यात इलेक्ट्रॉन दोनच असतात.